कंदील विझला नाही

“आईला इचारून आलायस न्हवं?” ज्ञानूतात्यानं मला तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, आईनंच पाठवलंय!” मी म्हणालो. आणि या खेपेला खिशातली पावती काढून त्याच्यासमोर धरली. “ही बघा. हीसुद्धा तिनंच ट्रंकेतून काढून दिली.”

तात्यानं पावती हातात घेतली नाही. लांबूनच बघितली. पावतीवर त्याचीच सही होती. तीन वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साठ पोती हळद त्याच्या पेवात ठेवली होती, त्याची. मग म्हणाला, “आत्ता भाव न्हाई रं शामू. दिवाळीला काढू.”

“दिवाळीला काढून काय करू? शालनची फी पंधरा तारखेच्या आत भरायचीय. नाहीतर जागा गेली.”

शालन माझी धाकटी बहीण. डॉक्टरकीच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. आमच्या भावकीत तोवर बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मी तर दहावीलाच गटांगळी खाल्ली होती. आबा आदल्या श्रावणात गेले. मागं राहिली ती दोन एकर जमीन आणि ही हळद. जमिनीवर आमचं पोट होतं. तेव्हा शालनची डॉक्टरकी म्हणजे ही हळद, दुसरं काही नाही. आईनं पावती हातात देताना एवढंच सांगितलं होतं, “तात्या टाळाटाळ करंल. पर तू ऐकू नको.”

तात्या उठला. खांद्यावर टॉवेल टाकला आणि मळ्याकडं चालायला लागला.

पेव ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. आमच्या नदीकाठच्या गावात जमिनीच्या पोटात हळद ठेवायची चाल होती. रांजणासारखा खड्डा, दोन-तीन पुरुष खोल, तोंड एवढंसं. आतून सारवायचा, उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंडावर फरशी आणि वर माती. चार-पाच वर्षं हळदीला कीड म्हणून लागत नसे. वरून बघाल तर मोकळं रान. खूण नाही, पाटी नाही, कुलूप नाही. कुणाचा माल कुठं पुरलाय, ते फक्त पेवाच्या मालकाला ठाऊक. तात्याची अशी अकरा पेवं होती आणि ती तो भाड्यानं देत असे.

मळ्यात, मी सांगून ठेवल्याप्रमाणं, सदबा दोन गडी घेऊन थांबला होता. पेवं काढण्यात त्याची हयात गेलेली. तात्यानं बांधावरच्या शेवग्यापासून पावलं मोजली आणि एका जागी टाच रोवली. “हितं,” म्हणाला. आणि आपण लांब जाऊन शेवग्याखाली बसला.

गड्यांनी खोऱ्यानं माती ओढली. वर हरळी नुसती माजली होती, तिच्या मुळ्या तोडता तोडता गडी घामाघूम झाले. फरशी दिसली. पहार घालून ती सरकवली. सदबानं कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि दोरी माझ्या हातात दिली. “सोड. तुज्या बापाचा माल हाय, पयला मान तुजा.”

हा कंदील सोडणं म्हणजे काही पूजाअर्चा नव्हे. बंद पेवात हळद राहिली की आत वाईट हवा धरते. माणूस सरळ उतरला तर वर येतो तो मढं होऊनच. म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला की समजायचं, अजून उतरायचं नाही. मग पेव तसंच उघडं टाकायचं, तंबाखू मळत बसायचं, तास-दोन तासांनी पुन्हा सोडायचा. भरल्या पेवात पहिल्या खेपेला कंदील विझतोच. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

मी दोरी सोडली. हातभर गेली, कंदील जळत होता. पुरुषभर गेली, जळत होता. हळद लागायला पाहिजे होती तिथं काहीच लागेना. दोरी जात राहिली आणि खाली, पार तळाशी, कंदील टेकला. मस्त पिवळा उजेड पडला. पाल्याच्या भिंती दिसत होत्या, आणि तळाला चार-दोन कुजकी हळकुंडं.

सदबानं वाकून बघितलं. मग त्यानं हातातली हरळीची मुळी बघितली. मग शेवग्याकडं बघितलं.

“हे पेव लई दिस मोकळं हाय,” तो हळूच म्हणाला. “दोन पावसाळं तरी.”

मी काय केलं म्हणता? मी बोंब मारली. अक्षरशः तोंडावर हात मारून बोंब मारली. आजूबाजूच्या रानातली माणसं धावत आली. “चोरी झाली! साठ पोती हळद गेली! माझ्या मेलेल्या बापाचा माल गेला!” आणि धावत जाऊन मी तात्याच्या बंडीला धरलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा बघितल्या, त्याला मी गदगदा हलवत होतो. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता.

“बोला की! कुठं गेली हळद?”

“काय बोलू?” तात्या म्हणाला. “तूच कंदील सोडलास न्हवं?”

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्टासारखं बोलतोय. चोरी पकडली गेली की माणसाला असंच होतं.

दोन दिवसांनी खंडोबाच्या देवळात गाव बसलं. दिनकरअण्णा मधे. मार्केट यार्डात त्यांची अडत होती, आणि हळदीचा तंटा असला की पोलिसांच्या आधी त्यांना बोलावणं जाई. आई बाजूला पायरीवर पदर घेऊन बसली होती. तात्या खांबाला टेकून खाली मान घालून बसलेला.

तात्याचा पुतण्या मुरारी त्याच्या बाजूनं उठला. तोंडानं तिखट होता. “अण्णा, आमी जागंचं भाडं घेतलं, राखणीचं न्हाई. उद्या तुमच्या चाळीतल्या भाडेकऱ्याचं भांडं चोरीला गेलं, तर तुमी नवं आणून देनार का?”

दोघंचौघं हसले. मलाही क्षणभर वाटलं, झालं, गेलं आपलं.

अण्णा हसले नाहीत. “मुरारी, माझ्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली भाडेकऱ्याकडं असते. त्यानं दार उघडं टाकलं तर चूक त्याची. माझ्याच भिंतीला भगदाड असलं आणि मी बुजवलं नाही, तर चूक माझी. बरोबर? आता सांग, पेवाची किल्ली कुणाकडं?”

मुरारी खाली बसला.

“पेवाला किल्ली नाही. किल्ली म्हणजे ज्ञानूचं डोकं. जागा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मग आत शिरलेला माणूस एकतर ज्ञानू, नाहीतर ज्ञानूनं ज्याला जागा दाखवली तो. आणि पावती? माल गेला की पावती परत घ्यायची असते. ती यांच्या हातात आहे. म्हणजे कागदानं माल अजून ज्ञानूच्या ताब्यात आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर फुशारलोच. उठून काय काय बोललो! दोन वर्षं पेव रिकामं असून आम्हाला झुलवत होता, बाप मेला तेव्हा खांदा दिला तो कुठल्या तोंडानं दिला, असलं सगळं. आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

“ज्ञानू,” अण्णा म्हणाले, “बेलभंडारा उचलतोस?”

आमच्याकडं हा शेवटचा शब्द. देवासमोरचा भंडारा, म्हणजे हळदच ती, तळहातावर घेऊन कुणी खोटं बोलत नाही आणि दिलेला शब्द मोडत नाही. तात्या उठला. पुजाऱ्यानं पुढं केलेल्या ताटातून बेलाचं पान आणि भंडारा उचलला आणि स्पष्ट म्हणाला, “ती हळद म्या घेतली न्हाई. तिच्यातलं एक हळकुंड माज्या घरात आलं न्हाई.”

अण्णांचा चेहरा सैलावला. तात्याला गावात मान होता, तो खोटा भंडारा उचलेल असं कुणालाच वाटत नव्हतं. प्रकरण पोलिसात द्यावं, चोर सापडला तर सापडला, असं कुणीतरी म्हणालंही. पंधरा तारीख डोळ्यासमोर दिसत होती मला.

तेव्हा आई पायरीवरून बोलली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई.

“अण्णा, अजून एक उचलू दे त्येस्नी. तात्या, म्हना, हळद कुनी न्हेली ते मला ठावं न्हाई.”

तात्यानं मान वर केली. आईकडं बघितलं. आईही त्याच्याकडं बघत होती, पापणी न हलवता. तात्याच्या मुठीत अजून भंडारा होता. तो पुन्हा ताटात झाडला त्यानं, आणि हात धोतराला पुसला.

“ह्ये मी उचलनार न्हाई,” तो म्हणाला.

मग काय विचारता! देवळात एकच गलका. म्हणजे ठाऊक आहे! पोरानंच नेली असणार, पोराला घालतोय पाठीशी! तात्याचा पोरगा तेव्हा मिरजेला कामाला होता, त्याच्या नावानं लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं. तात्या त्यावरही गप्पच. मी मात्र आईकडं बघून थक्क झालो होतो. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण वकिलाला सुचला नसता असा पेच टाकला! घरी जाताना मी तिला तसं बोललो. त्या दिवशी ती जेवली नाही.

निकाल असा झाला, की तात्यानं आमचा माल भरून द्यायचा. त्याची स्वतःची हळद त्याच्या ओट्यासमोरच्या पेवात होती. आठवड्यानं ते पेव काढलं. कंदील या खेपेला सदबानंच सोडला. हातभर आत गेला नाही तोच फटकन विझला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही बसून राहिलो, मग गडी उतरले. पिवळीधमक, टणक हळद. सगळी काढून गाडीत भरली. पावती मी तात्याच्या हातात दिली. त्यानं ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि आत निघून गेला.

शालन डॉक्टर झाली. मी यार्डात आधी दिवाणजी आणि मग अडत्या झालो, सांगलीत घर बांधलं. तात्याच्या पेवात मात्र त्यानंतर कुणी मूठभर हळद ठेवली नाही. जो तो म्हणायचा, चोराच्या पेवात कोण ठेवतो? रिकामी पेवं टिकत नाहीत, एकेक करून ढासळली. पोरगा जो मिरजेला राहिला तो परत गावात आला नाही. त्यालाही म्हणे शेवटपर्यंत वाटत होतं, बापानं काहीतरी केलंय. तात्या आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायचा. मी दिसलो की मान वळवायचा. बघा, म्हणायचो मी, तोंड दाखवायची लाज वाटते. ज्या माणसाला बापाच्या जागी मानलं त्यानंच गळा कापला, हे मी यार्डात किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही.

एकोणीस वर्षं गेली. दोन हजार पाच सालचा महापूर आला. नदीकाठचं आमचं गाव निम्मं पाण्यात गेलं, उरलीसुरली पेवं पाण्यानं भरली ती कायमचीच. आमचं सांगलीतलं घर उंचावर, तिथं पाणी आलं नाही. गल्लीतल्या बायका पूरग्रस्तांसाठी भाकरी थापत होत्या. सत्तरीची आई चुलीपुढं बसून थापत होती, ऐकायला तयार नाही. दुपारी मी भाकरी मोजून फडक्यात बांधायला लागलो.

“दोन येगळ्या बांध,” आई म्हणाली. “ज्ञानूतात्या हितल्या शाळंत आणून ठेवलाय म्हनं. एकलाच हाय. त्येला पोचव.”

“चोराला भाकरी? तो बुडाला असता तरी मला—”

“शामू!”

तिनं पीठ भरलेला हात परातीवर आपटला.

“त्येला चोर म्हनू नगंस. हळद तुज्या आबांनी न्हेली.”

मी हसलो. खरंच हसलो. म्हातारीचं डोकं फिरलं म्हटलं.

“मटक्यापायी,” ती म्हणाली. आता ती परातीकडं बघत बोलत होती आणि हात पुन्हा भाकरी थापायला लागले होते. “सगळी घालवली. तात्यानं रातचं पेव उघडून दिलं, मालकच मागतोय तर न्हाई कसं म्हनायचं. पावती उद्या आनून देतो म्हनाले. तात्यानं मागितली न्हाई पुन्यांदा. आनि पोरास्नी कळाया नगं म्हनून तुज्या आबांनी त्येच्याकडनं भंडारा उचलून घेतला, जीव जाईस्तोवर कुनाला बोलायचं न्हाई म्हनून. मरायच्या आदल्या दिशी मला सांगितलं सगळं.”

“म्हणजे मला पावती दिलीस तेव्हा…”

“व्हय.”

“आणि देवळात? तू त्याला जे उचलायला सांगितलंस ते?”

आईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

“त्यो आदला भंडारा मोडनार न्हाई, आनि खोटा उचलनार न्हाई. मला पक्कं ठावं हुतं,” ती म्हणाली. “शालनची फी भरायची हुती, शामू.”

एकोणीस वर्षं मी एका माणसाला विश्वासघातकी म्हणत फिरत होतो, आणि माझ्या विश्वासाचं वाटोळं माझ्याच घरात, चुलीपुढं झालं होतं. आबांनी केलं ते केलं, ते मेले. पण आईनं मला पुढं घातलं. माझ्या तोंडून शिव्या द्यायला लावल्या. मी दोन भाकरी वेगळ्या बांधल्या आणि बाहेर पडलो.

शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून माणसं बसली होती. तात्या फळ्याखाली घोंगडं पांघरून बसला होता. वाळून काडी झालेला. मला बघून त्यानं या वेळी मान वळवली नाही, वळवायला जागाच नव्हती.

मी त्याच्यासमोर खाली बसलो. “आईनं भाकरी दिल्यात,” म्हणालो.

“बरी हाय का?”

“बरी आहे.”

“आन् शालन? दवाखाना काढलाय म्हनं. चांगलं झालं. पोरगी हुशारच.”

माझा बांध फुटला. मी त्याचे पाय धरले. “तात्या, मला माफ करा. मला ठाऊक नव्हतं. आबांनी नेली ते मला आज कळलं. देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं!”

तात्या माझ्याकडं बघत राहिला. त्या दिवशी शेवग्याखाली बघत होता अगदी तसाच.

“आसं कसं म्हनतोस?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. “कंदील तूच सोडलास की. पार तळाला जळत हुता. दोन पावसाळ्याची हरळी तूच बगितलीस. दोन पावसाळं म्हंजी तुजा बाप जित्ता हुता. आन् माज्या पेवातला माल मालकाबिगर निघत न्हाई, हे तू ल्हानपनापास्नं बगत आलास. मी आपलं समजून चाललो, आईबी जानतीया आन् पोरगंबी जानतंय. दोगांनी मिळून ठरवलंय. त्येचंच लई वाईट वाटलं बग. हळदीचं न्हाई.”

“नाही हो तात्या! शपथेवर सांगतो.”

त्यानं कनवटीला हात घातला. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक पुडी काढली. घर गेलं, भांडीकुंडी गेली, पण खंडोबाचा भंडारा त्यानं कोरडा ठेवला होता. पुडी सोडून त्यानं माझ्यापुढं धरली.

“उचल मग,” म्हणाला. “म्हन, मला ठावं न्हवतं. मी मानीन.”

मी हात पुढं केला. आणि मला आबांचा चेहरा दिसला. शेवटच्या आजारपणात मी त्यांना दोनदा म्हटलं होतं, आबा, हळद काढूया का. दोन्ही वेळा ते “भाव येऊ दे” म्हणाले होते आणि भिंतीकडं तोंड करून झोपले होते. पेवाच्या तोंडाशी, हातात दोरी असताना, खाली कंदील जळताना बघून मला तोच चेहरा दिसला होता. एकच क्षण. मग मी बोंब मारायला सुरुवात केली होती.

माझा हात मधेच थांबला. मी तो मागं घेतला आणि भाकरीच्या फडक्यावर ठेवला.

तात्यानं पुडी नीट बांधली आणि परत कनवटीला खोचली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “भाकरी दे हिकडं.”